छायाप्रतीचा निकाल आणि मराठी-उर्दूचा वर्ग

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस’ या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा दाखल केला. अभ्यासक्रमात नेमलेली प्रकरणे एकत्र करून त्यांच्या छायाप्रती विद्यार्थ्यांना विकणे हा स्वामित्वहक्काचा भंग होय, असे त्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने वस्तुस्थितीच्या तपासणीसाठी दावा पुन्हा सुनावणीस पाठविला, पण कायद्याचा अर्थ मात्र विद्यार्थ्यांच्या बाजूने लावला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. जुनी इंदूरसारख्या ठिकाणी मराठी व उर्दू शिकविणाऱ्या अध्यापकाच्या हाती या निकालाने काय पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निकालाचे महत्त्व निर्विवाद आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमातील कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हक्कभंग ठरत नाही. ‘अध्यापन’ म्हणजे केवळ वर्गातील तास, असा संकुचित अर्थ खंडपीठाने घेतला नाही. पानांची टक्केवारीही ठरविली नाही. शिक्षणाच्या हेतूला आवश्यक तेवढी प्रत, हीच कसोटी मानली.

तथापि या निकालाची एक मर्यादा आहे. प्रत काढण्याचा हक्क पुस्तक हाती असलेल्यालाच उपयोगी पडतो. दिल्लीत पुस्तक ग्रंथालयात होते, अडचण किमतीची होती. आपल्याकडे मराठी पुस्तक पुण्या-मुंबईहून आणि उर्दू पुस्तक दिल्ली-हैदराबादहून मागवावे लागते. एक आवृत्ती संपली की पुष्कळदा तेही मिळत नाही. येथे अडचण किमतीची नसून उपलब्धतेची आहे, आणि तिच्यावर न्यायालयाचा निकाल हा उपाय नव्हे.

इंटरनेटमुळे हा प्रश्न सुटला, असे म्हणणेही घाईचे ठरेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेस तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तीत आहेत. परंतु ही योजना सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखली गेली, आणि हे प्रकाशक प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय आहेत. मराठी-उर्दूच्या अभ्यासकाला तिचा लाभ किती, हे सांगणे नलगे.

मुदतीचा प्रश्नही असाच आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. साने गुरुजींचे निधन १९५० चे, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. मंटो यांचे निधन १९५५ चे, त्यांच्या कथा २०१६ पासून खुल्या झाल्या. शाहीर अमर शेख १९६९ साली वारले. त्यांच्या कवितेवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत राहील. जे पुस्तक बाजारात आहे, त्याच्या बाबतीत या मुदतीचे समर्थन करता येईल. परंतु जे पुस्तक कोणी छापत नाही, त्यावरील हक्काने वारसाला उत्पन्न मिळत नाही आणि वाचकाला पुस्तकही मिळत नाही.

अशा पुस्तकांसाठी कायद्यात एक वाट आहे, तिच्याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले आहे. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, आपल्याजवळील छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत जतनासाठी ठेवण्याचीही मुभा अशा ग्रंथालयाला आहे. ती प्रत इंटरनेटवर सर्वांसाठी टाकण्याची परवानगी यातून मिळत नाही, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मुदत संपलेल्या साहित्याला मात्र हे बंधन नाही.

सारांश, रामेश्वरीचा निकाल आपल्या भीतीवर उतारा आहे, आपल्या उणिवेवर नव्हे. छायाप्रत काढताना अध्यापकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. पण शहरातील जुन्या संग्रहांत कोणती मराठी व उर्दू पुस्तके आहेत, त्यांपैकी कोणत्यांची मुदत संपली आणि कोणती बाजारात मिळत नाहीत, याची साधी यादीसुद्धा आपण केलेली नाही. ती यादी करण्यास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. वाळवी लागण्यापूर्वी ती झाली, तरच निकालाने दिलेल्या हक्काला आपल्या वर्गात काही अर्थ उरेल.