हातभर अंतरावरचा तंबोरा

रात्री साडेदहानंतर गल्लीतली वर्दळ ओसरली की मी किशोरी आमोणकरांचा भूप लावतो. ‘सहेला रे’ ज्यात आहे, तो. आवाज बेताचा, शेजारच्या खोलीत झोपलेल्याला कळूही नये इतका. तरी तंबोरा खोलीभर पसरतो. थोड्या वेळाने खोली उरत नाही, टेबलही उरत नाही. समोर हातभर अंतरावर कुणीतरी बसलेलं आहे आणि षड्ज लावतं आहे, एवढंच उरतं.

टेबलावर डेनॉनचा ‘डी-एम ४१’ हा छोटा संच आहे. सीडी, रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच वीतभर रुंदीच्या डब्यात, आणि दोन बाजूंना साधारण वीतभरच उंचीच्या दोन पेट्या. प्रत्येक पेटीत १२ सेंटिमीटरचा एक वूफर आणि त्याच्या वर मऊ घुमटाचा इवलासा ट्वीटर. ताकद एका बाजूला ३० वॉट. घरी येणारा प्रत्येक जण आधी पेट्यांकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, “एवढ्याशा पेटीतून खर्ज येतो का हो?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना मला तंबोरा नव्याने समजला.

पुरुष गायकाचा सूर काळी एक असेल, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर साधारण ६९ हर्ट्‌झ असतो. इतका खालचा सूर जोरकस वाजवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि १२ सेंटिमीटरच्या पडद्याला ते झेपत नाही. पण तंबोरा मूळ सुरावर उभाच नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीच्या रुंद पाठीवर घासत झंकारते आणि तिच्यातून उपस्वरांची रांगच बाहेर पडते: १३८, २०७, २७७, ३४६... मूळ खर्ज त्यांच्या मानाने क्षीणच असतो. मूळ सूर पहिला धरला तर यातला पाचवा, ३४६ हर्ट्‌झचा, म्हणजे स्वयंभू गांधार. कुणी न छेडता उमटणारा. छोट्या पेटीला हा टापू अगदी सोयीचा, इथे ती मोठ्या पेटीइतकीच खरं बोलते. आणि या सगळ्या उपस्वरांमधलं अंतर सारखंच, ६९. कान ते अंतर ओळखतो आणि तळाचा खर्ज स्वतः पुरा करतो. ऐकण्याच्या शास्त्रात हे सिद्ध झालेलं आहे. माझ्या टेबलावर खर्ज अर्धा पेटीतून येतो आणि अर्धा माझ्या कानात तयार होतो.

भूपात मध्यम नाही, निषाद नाही. पाच सुरांच्या त्या मोकळ्या जागेत गांधाराला केवढं मोल आहे, हे जाणकारांना सांगायला नको. गाणारीचा गांधार आणि तंबोऱ्यातून आपसूक आलेला गांधार एकमेकांत मिसळतात तो क्षण मी या पेट्यांसमोर जितका स्पष्ट ऐकला, तितका मोठ्या मांडवात कधी ऐकला नाही. १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाबद्दल माझ्या मनात श्रद्धाच आहे. पण तिथे हजारो माणसांच्या मागे बसून आपण ऐकतो ते ध्वनिक्षेपकातून आलेलं गाणं. ख्याल वाढला दिवाणखान्यात, वीस-पंचवीस माणसांच्या बैठकीत. टेबलावरचा संच मला त्या बैठकीतली पहिली रांग देतो.

छोटी पेटी ही काही गरिबाची तडजोड नाही, आणि याला एक थोर दाखला आहे. १९७०च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागापुढे प्रश्न आला की बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, जिथे माणसाला नीट वळायलाही जागा नसते, तिथे बसून आवाजाचा निवाडा करायचा कसा? त्यातून एलएस३/५ए ही पेटी जन्मली. जेमतेम फूटभर उंच, सात-साडेसात इंच रुंद, आतली पोकळी पाचेक लिटरची. लाकूड मुद्दाम पातळ घेतलं आणि आतून जड थर लावून त्याचा थरथराट मारला. शंभर हर्ट्‌झच्या थोडं वर आवाजाला किंचित उठाव ठेवला, म्हणजे त्याच्याखाली जे नाही त्याची उणीव भासू नये. कारागिराचं कसब म्हणतात ते हे. पन्नासेक वर्षं झाली, जगभरचे दर्दी अजून ती पेटी जिवापाड जपतात, आणि सगळ्यात आधी नाव घेतात ते तिच्यातून ऐकू येणाऱ्या मानवी आवाजाचं. माझ्या पेट्या त्या तोडीच्या नाहीत. पण जातकुळी तीच.

आणि खोली. माझी खोली दहा फूट बाय अकरा फूट आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर अडकतो आणि घुमतो, अकरा फुटांमध्ये ५१च्या आसपासचा. पूर्वी मी इथे कमरेएवढ्या उंचीचे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर आणले होते. ते नेमके याच सुरांना भरभरून हलवायचे. डग्ग्यावर पडलेली थाप हवेत लोंबकळत राहायची, पुढची मात्रा आली तरी मागची विरलेली नसायची. विलंबित एकतालाचा पार चिखल व्हायचा. दोष स्पीकरचा नव्हता, भिंतींचा होता. छोटी पेटी त्या सुरांपाशी पोचेपर्यंत आपणहून हळू होते, म्हणून भिंतींना फारसं खाद्यच मिळत नाही. आता डग्ग्यावर मनगट सरकतं आणि घुमार खालून वर चढत जातो, तो अथपासून इतिपर्यंत ऐकू येतो. कातड्यावर टेकलेल्या तळहाताचा दाबसुद्धा.

अर्थात पेट्या मांडण्याचं शास्त्र आहे आणि मला त्यात सहा महिने गेले. आधी त्या सरळ टेबलावर ठेवल्या होत्या. टेबलाच्या पाटावरून आपटून येणारा आवाज मूळ आवाजात मिसळायचा आणि गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायचा. मग प्रत्येक पेटीखाली दोन जाड ग्रंथ घातले आणि ट्वीटर कानाच्या रेषेत आणला. आवाज मोकळा झाला. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, तेव्हा खालचा फुगवटा गेला. दोन पेट्यांमध्ये तीन फूट, आणि प्रत्येक पेटीपासून माझ्या डोक्यापर्यंतही तीनच फूट. इतक्या जवळ बसलं की पेटीतून थेट आलेला आवाज भिंतीवरून परतलेल्या आवाजापेक्षा कितीतरी ठळक असतो, आणि ताकदही नावालाच लागते. रात्रीच्या ऐकण्याला त्या ३० वॉटांतला एक वॉटही पुरा खर्ची पडत नाही.

पेट्या किंचित आत वळवल्या तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांचं गाणं दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधोमध, टेबलावरच्या दिव्याच्या मागे येऊन उभं राहिलं. एकपदरी ध्वनिमुद्रण, दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं, म्हणून ते मधे दिसतं. त्या काळच्या तबकडीत फार खालचं आणि फार वरचं काही उतरलेलंच नसायचं. जे उतरलं ते सगळं या पेट्या सांगतात. ती सुईची खरखर, आणि तिच्या पलीकडे तो रेशमाचा गळा.

पाश्चात्त्य सिंफनीतले नगारे, चर्चमधला ऑर्गन, सिनेमातले स्फोट यांसाठी हा संच नाही. ते ज्यांना हवं त्यांनी मोठी खोली बघावी, नुसती मोठी पेटी घेऊन भागणार नाही. पण गळा, तंबोरा, तबला, हार्मोनियम आणि सारंगी यांच्यासाठी, शहरातल्या छोट्या खोलीत, याहून मोठं काही आणावं असं मला गेल्या पाच वर्षांत एकदाही वाटलेलं नाही.

तुमच्याकडे कुठलाही छोटा संच धूळ खात पडला असेल तर तो आजच पुसा. पेट्यांखाली पुस्तकं घाला, टेबल वीतभर पुढे ओढा, तीन फुटांवर खुर्ची मांडा, आणि भूप लावा. पहिली पाच मिनिटं गाण्याकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल. फक्त तंबोऱ्यातला गांधार शोधा.