आयती शिकार आणि तिचे वाङ्मय

शिकारकथा हा प्रकार आमच्या टीकाकारांनी कधी फारसा मनावर घेतला नाही. वाचनालयांतून ही पुस्तके हातोहात जातात, त्यांची पाने सुटी होतात, मुखपृष्ठावरचा वाघ कडेने झिजत जातो. परंतु वाङ्मयविचारात त्यांना जागा नाही. रहस्यकथेशेजारच्या फळीवर त्यांची रवानगी केली की आपले काम संपले, असाच सर्वांचा समज दिसतो. आम्हांस तो मान्य नाही. ज्या प्रकारात एक माणूस पावलोपावली दुसऱ्याच्या ज्ञानावर विसंबतो आणि कथा मात्र आपल्या एकट्याच्या नावावर सांगतो, त्या प्रकारात खऱ्याखोट्याचा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

यातला एक पोटभेद आज विचारासाठी घेत आहो. त्याला आम्ही आयत्या शिकारीचे वाङ्मय म्हणतो. जनावर कोठे आहे हे हुडकणे, तेथवर पोचणे, राहण्याजेवणाची सोय, मारलेले जनावर सोलणे आणि वाहून आणणे, हे सारे दुसऱ्याने पैसे घेऊन करावयाचे आणि गिऱ्हाइकाने घोडा तेवढा ओढावयाचा, ती आयती शिकार. तिचा अगदी निर्भेळ नमुना पाहावयाचा तर कॅनडाच्या उत्तरेस जावे लागते. क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाकडे, शेफरव्हिल किंवा कूजुआक येथून, पाण्यावर उतरणारे लहानसे विमान गिऱ्हाइकांना एखाद्या निर्जन तळ्याकाठी नेऊन सोडी. तेथे तंबू, आचारी, वाटाड्या, सारे तयार. आठवडाभराचा मुक्काम, परवान्यावर दोन कॅरिबू. दक्षिणेकडे सरकणारा कळप वाटेवरून जाईल त्या वेळी दबा धरून बसावयाचे. हरणांच्या कुळात कॅरिबू एवढाच असा, की ज्याच्या मादीलाही शिंगे येतात. परंतु गिऱ्हाइकाला हवी असतात ती नराचीच, झाडाच्या फांदीसारखी विस्तारलेली.

या सहलींची वर्णने अमेरिकन शिकारी मासिकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. त्यांची घडण एकदा ध्यानात आली की पुढचे वर्णन न वाचताही सांगता येते. पहिले दोन दिवस धुके, विमान अडकते. तिसऱ्या दिवशी कळपाचा मागमूस नाही. चौथ्या दिवशी मित्राला चांगला नर मिळतो आणि लेखकाच्या मनात मत्सराची बारीक कळ उठते. अखेरच्या दिवशी, अखेरच्या तासाला, टेकडीच्या कण्यावर ती शिंगे दिसतात. मग बार, मग छायाचित्र, मग शिंगांची इंचांत मोजदाद. टेकडीच्या कण्याकडे प्रथम बोट दाखविणारा वाटाड्या मात्र सगळ्या लेखात दोन वाक्यांपुरता येतो.

वाचकहो, ही खोड परकीयांचीच आहे असे समजू नका. मराठी शिकारकथेची भाषाच पाहा. ‘खबर आली’, ‘माचाण बांधून झाले’, ‘हाका सुरू झाला’, ‘जनावर उठले’. या चारही वाक्यांत माणसाचा पत्ता नाही. खबर कोणी आणली? दिवसभर उन्हातान्हात माग काढीत हिंडलेल्या कोणा गावकऱ्याने. माचाण कोणी बांधले? हाक्याच्या रांगेत, हातात काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन, जखमी जनावराच्या अंगावर कोण गेले? मराठी वाक्यरचनेला कर्ता गाळणे फार सोपे जाते, आणि शिकारी लेखकाने त्या सोयीचा यथेच्छ लाभ घेतला आहे. बार काढण्याच्या क्षणी मात्र व्याकरण एकदम बदलते: ‘मी नेम धरला.’ आमच्या मते शिकारकथेची कसोटी येथेच आहे. जनावर ज्याने शोधले तो वाक्याचा कर्ता होतो की नाही, हे पाहावे. वाघाची लांबी मागाहून.

या कसोटीवर पहिल्या प्रतीचे ठरणारे पुस्तक कॅरिबूंच्याच मुलखातून आले, आणि तेही सव्वादोनशे वर्षांपूर्वी. हडसन्स बे कंपनीचा तरुण नोकर सॅम्युअल हर्न हा तांब्याच्या खाणीच्या शोधात उत्तर महासागराकडे निघाला होता. पहिली खेप १७६९ च्या नोव्हेंबरात. वाटाड्यांनी त्याला अर्ध्यात सोडून दिले. दुसरी खेप १७७० मध्ये. कोणाचे तंत्र कोणास नाही, त्यात उंचीमापक यंत्र मोडले, आणि नेसूचे कपडेही धड उरले नाहीत अशा अवस्थेत तो परत फिरला. त्या परतीच्या वाटेवर त्याला चिपेवायन जमातीचा म्होरक्या माटोनाबी भेटला. माटोनाबीने दोन्ही खेपा का फसल्या याचे कारण सांगितले ते असे, की तुम्ही बरोबर बायका घेतल्या नाहीत. पुरुष शिकारीमागे धावणार, तर ओझी कोणी वाहावी, तंबू कोणी उभारावे, कातडी कोणी कमवावी, कपडे आणि जोडे कोणी शिवावे? तिसरी खेप माटोनाबीच्या पद्धतीने, त्याच्या बायकामुलांसह, कॅरिबूंच्या कळपांच्या चालीवर चाल ठेवून झाली, आणि १७७१ च्या जुलैत हर्न कॉपरमाइन नदीच्या मुखाशी पोचला.

हर्नचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७९५ साली, प्रसिद्ध झाले. त्याचे मोठेपण असे, की यशाचे श्रेय कोठे जाते हे लेखकाने लपविलेले नाही. माटोनाबीचे रूप, त्याचा स्वभाव, त्याचा तापटपणा, बायकांशी त्याचे वागणे, सारे त्याने लिहिले. माटोनाबीच्या टोळीने नदीकाठी झोपलेल्या इनुइट कुटुंबांची कत्तल केली, तीही लिहिली. स्वतः पाहत उभे राहिल्याची वेदनाही लपविली नाही. १७८२ साली फ्रेंचांनी कंपनीचा किल्ला घेतला तेव्हा माटोनाबीने गळफास लावून घेतला आणि त्याची बायकामुले उपासमारीने मेली, हेही हर्ननेच नोंदवून ठेवले. वाटाड्याला जन्म, स्वभाव, दोष आणि मरण असलेले हे पुस्तक आहे. अलीकडच्या किती शिकारी लेखकांना आपल्या वाटाड्याचे मरण ठाऊक असते?

याच्या शेजारी हेमिंग्वेचे ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ ठेवावे. १९३३ अखेरची ती सफर पूर्णपणे आयती होती. पत्नीच्या काकांनी दिलेल्या पैशावर ती निघाली, आणि फिलिप पर्सिव्हल या धंदेवाईक शिकाऱ्याने तिची सारी व्यवस्था केली. १९३५ साली पुस्तक आले. कुडूच्या शिंगांसाठी लेखकाची जी तगमग होते तिचे वर्णन अप्रतिम आहे. आणि आपली शिंगे घेऊन तळावर यावे तो सोबत्याने त्याहून मोठी आणलेली, हा शेवटचा अपेक्षाभंग तर शिकारी मासिकांतल्या हजार लेखांवर मात करतो. हेमिंग्वेला मत्सर लिहिता येतो, कारण तो त्याला लपवावासा वाटत नाही. बंदूक वाहणारा म’कोला हाही त्यात नुसता हमाल नाही. तो हसतो, नाक मुरडतो, साहेबाच्या बायकोला साहेबापेक्षा मानतो. तो लेखकाला जोखतो आणि ते जोखणे लेखक छापतो. तरीही म’कोलाचे घर कोठे, सफर संपल्यावर त्याने काय केले, हे पुस्तक विचारीत नाही. हर्नपुढे हेमिंग्वे शैलीने श्रेष्ठ आणि कुतूहलाने उणा, असे आमचे मत आहे.

कॉर्बेटविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याची पुस्तके सर्वांच्या वाचनातली आहेत. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ने (१९४४) त्याला कीर्ती दिली, पण आमच्या कसोटीला १९५२ चे ‘माय इंडिया’ अधिक उतरते. ज्याच्यापाशी तो लहानपणी रान शिकला, त्या कुंवरसिंह नावाच्या चोरट्या शिकाऱ्याला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर कोल्हापूर. तेथल्या दरबाराने पाहुण्यांसाठी जी शिकार मांडली ती आयत्या शिकारीतली सर्वांत देखणी म्हणावी लागेल. काळविटांवर चित्ते सोडावयाचे. हिंदुस्थानी चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणविले. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यावयाचा, कळप दिसला की टोपी काढावयाची, आणि पुढचा खेळ काही क्षणांत संपावयाचा. पाहुण्याने बंदूकही उचलावयाची नाही, त्याने पाहावयाचे. सगळी विद्या चित्तेवानाची. रानटी जनावराला माणसाळविणे, त्याला कधी उपाशी ठेवावे आणि कधी घास द्यावा हे ओळखणे, आणि मारलेले काळवीट त्याच्या जबड्यातून अलगद सोडविणे. पाहुण्यांनी या शिकारीचे वर्णन केले, छायाचित्रे घेतली. चित्तेवानाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली हकिकत मराठी वाङ्मयात मात्र उतरली नाही. भारतातले अखेरचे तीन चित्ते १९४७ च्या सुमारास मध्यभारतातल्या कोरिया संस्थानात मारले गेले. २०२२ साली नामिबियातून कुनोच्या रानात पुन्हा चित्ते आणले, तेव्हा चित्त्याला हाताळण्याची पिढीजात विद्या कोणाकडे विचारावी असे घर आपल्याकडे उरले नव्हते.

काळविटांचे दुसरे जाणकार म्हणजे फासेपारधी. बेळगाव-धारवाड भागात त्यांना हरणशिकारी म्हणतात. कानडीत चिगरी म्हणजे काळवीट, म्हणून चिगरीबेटगार हेही एक नाव. शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने चालत जाऊन कळपाच्या वाटेवर फास मांडण्याची त्यांची हातोटी अशी, की जनावराच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणत्याही साहेबाला ठाऊक नव्हत्या. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय आणि चाकरी दिली. इंग्रज सरकारने त्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली घातले आणि हुबळी, सोलापूर येथे अशा जमातींच्या वसाहती उभारल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याच दशकात इकडे नागपुरात ऑल्विन कूपर ही कंपनी मध्यभारताच्या जंगलांत परदेशी गिऱ्हाइकांसाठी वाघाच्या शिकारीच्या सहली काढीत होती, आणि पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांच्या कारकिर्दीचा आरंभ या धंद्यातच झाला. एकाच रानात एकाची शिकार म्हणजे परदेशी चलन आणि दुसऱ्याची शिकार म्हणजे चोरी! १९७० ची वाघाच्या शिकारीवरील बंदी आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांनी दोघांनाही रोखले, आणि ते योग्यच झाले. परंतु गिऱ्हाईक आपल्या आठवणी लिहून मोकळे झाले. पारध्याच्या वाट्याला पोलिसांची चौकशी आली.

वाटाड्याला गाळून लिहिल्याने वाङ्मयाचे काय नुकसान होते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कॅरिबूंनीच दिले आहे. जॉर्ज नदीचा कळप १९९३ च्या सुमारास ८ लाखांच्या जवळपास होता. २०१८ च्या मोजणीत तो साडेपाच हजारांवर आला. लाब्राडोरने २०१३ साली त्या कळपाची शिकार बंद केली. शेजारच्या लीफ नदीच्या कळपावरील हौशी शिकार क्वेबेकने २०१८ च्या फेब्रुवारीपासून थांबविली, आणि तळ्याकाठचे ते तंबू ओस पडले. या ऱ्हासाचे खापर केवळ गिऱ्हाइकांच्या बंदुकीवर फोडता येणार नाही. कॅरिबूंची संख्या पिढ्यांच्या अंतराने चढते आणि उतरते. ही गोष्ट तिकडच्या वृद्धांना वाडवडिलांपासून ठाऊक होती. बॅफिन बेटावरील इनुइट शिकाऱ्यांच्या स्मरणावर आधारलेला असा अभ्यास शास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्धही केला. म्हणजे त्या तंबूत, शेकोटीच्या पलीकडे बसलेल्या माणसापाशी कळपाचा शंभर वर्षांचा इतिहास होता, आणि शेकोटीच्या अलीकडे बसलेला लेखक शिंगांचे इंच टिपून घेत होता. जवळ आलेली मोठी कथा सोडून त्याने लहान कथा लिहिली.

यावर उलट टोकाचा दोषही संभवतो. फार्ली मोवॅटने १९५२ साली ‘पीपल ऑफ द डीअर’ लिहून कॅरिबूंवर जगणाऱ्या आणि उपासमारीने खंगलेल्या इनुइटांची बाजू मांडली. पुस्तक गाजले, आणि त्यातल्या तपशिलांवर तितकाच गदारोळ झाला. तळमळ खरी होती. पण वाटाड्याच्या वतीने लेखक इतका बोलू लागला, की वाटाड्याचा स्वतःचा आवाज पुन्हा बुडाला. गाळणे आणि त्याच्या तोंडून स्वतः बोलणे, दोन्हीत तो मुकाच राहतो.

मराठीत बंदूक खाली ठेवून वही हाती घेण्याचे काम व्यंकटेश माडगूळकरांनी केले. ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा वानरांच्या टोळीवरची कादंबरी गौरवली गेली याचे अनेकांना नवल वाटले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून पाखरांची आणि झाडांची नावे गोळा केली, आणि ती ज्यांच्याकडून मिळाली त्यांचे ऋण मानले. या दोघांची वाट पूर्व विदर्भाच्या रानांतून गेली. खानापूरचे रान अद्याप तसेच आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात भीमगड अभयारण्याच्या कडेने अशी म्हातारी माणसे आहेत, की ज्यांचे वाडवडील साहेबांच्या हाक्याला जात. त्यांच्या बोलण्यात मराठी, कोकणी आणि कानडी एकमेकींत मिसळलेली असतात. पायवाटेला, जनावराच्या बसण्याच्या जागेला, ओल्या आणि सुकल्या मागाला त्यांच्यापाशी वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांतले बरेचसे तिन्ही भाषांच्या कोशांत सापडत नाहीत. ते कोणत्या भाषेत नोंदवावेत यावर आमच्याकडे वाद होईल, आणि सीमाभागातले वाद किती लांबतात हे वाचकांना सांगावयास नको. तो वाद चालू असतानाच कोणीतरी वही घेऊन जांबोटीच्या गाडीत बसावे, आणि पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव लिहावे.