नेसणे, घालणे आणि परिधान करणे

पोर्तुगीज भाषेत सदऱ्यासाठी ‘वेश्तिर’ हे क्रियापद लागते, बूट किंवा हातमोजे चढवायचे तर ‘काल्सार’, आणि टोपीसाठी साधे ‘पोर’, म्हणजे ठेवणे. शेजारच्या स्पॅनिशने ही तिन्ही कामे बहुधा एकट्या ‘पोनेर्से’वर सोपवली आहेत. ‘वेस्तिर’ तिथेही आहे. पण त्याचा ओढा वस्त्रापेक्षा माणसाकडे अधिक. आई लेकराला ‘वेस्तिर’ करते, लेकरू मोठे झाले की स्वतःला. अंगावर असलेल्या कपड्यासाठी स्पॅनिश माणूस ‘येवार’ म्हणतो, ज्याचा मूळ अर्थ वाहून नेणे. पोर्तुगीज ‘उझार’ म्हणतो, म्हणजे वापरणे.

मराठीही या बाबतीत दरिद्री नाही. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. पोर्तुगीज अवयवाकडे पाहून क्रियापद निवडते, मराठी वस्त्र अंगाला कसे लागते ते पाहून. एवढे धन हाताशी असता आपल्या बायबलच्या भाषांतराने ‘परिधान करणे’ या एका संस्कृत शब्दाचा आश्रय का घ्यावा?

प्रश्न संत पौलाच्या वचनांचा आहे (रोमकरांस १३:१४, गलतीकरांस ३:२७). पोर्तुगीज भाषांतरात तिथे ‘रेवेश्तिर’ येते. मिस्सेपूर्वी सॅक्रिस्टीत धर्मगुरू आपली उपासनावस्त्रे चढवतो, त्यालाही हेच क्रियापद. त्यामुळे लिस्बनच्या भाविकाला पौलाच्या शब्दांत सॅक्रिस्टीतील वस्त्रांची सळसळ ऐकू येऊ शकते. आपल्याला ‘परिधान’ म्हणताच सत्कारसमारंभ आठवतो. शिवाय ‘ख्रिस्ताला परिधान करा’ यातला ‘ला’ खटकतो. सदऱ्याला घाल असे कोणी म्हणत नाही. पोर्तुगीजने ‘द’ हे शब्दयोगी अव्यय योजून ही अडचण टाळली आहे: ख्रिस्ताने स्वतःला वेढून घ्या, असा काहीसा तो भाव.

तरीही भाषांतरकाराला दोष देताना माझा हात आखडतो. ‘घाला’ म्हटले तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘पांघरा’ म्हटले तर पांघरूण सकाळी घडी करून ठेवले जाते. ‘नेसणे’ मला सर्वांत जवळचे वाटते, कारण नेसलेल्या वस्त्राला गुंडी नसते, काज नसते. ते स्वतःच्या हातांनी रोज नव्याने चापूनचोपून बसवावे लागते. पण बाकांवर हशा पिकेल, हेही खरे. म्हणून वाचनात ‘परिधान’ राहू द्यावे. प्रवचनात मात्र ‘नेसणे’ उलगडून सांगावे.

एका ठिकाणी मात्र आपण उगाच हार मानतो. नवे वस्त्र प्रथमच अंगावर घेणे याला स्पॅनिशमध्ये ‘एस्त्रेनार’ असा एकच शब्द आहे. झावळ्यांच्या रविवारी जो काही नवे ‘एस्त्रेनार’ करीत नाही त्याला हातच नाहीत, अशी तिकडची म्हण आहे. याचे मराठी ‘प्रथम वापरणे’ असे कोरडे करण्याचे कारण नाही. नव्या लुगड्याची ‘घडी मोडणे’ आपल्या घराघरांत केव्हापासून आहे.