अंबरनाथच्या उत्तरद्वारावरील शक

अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी लिहिताना दोन विशेषणे हमखास येतात : ‘पांडवकालीन’ आणि ‘हेमाडपंती’. पहिले लोककथेतले आहे. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत उभारले, असे लोक सांगतात. त्या कथेशी माझे भांडण नाही. ती इतिहास असल्याचा आव आणत नाही. माझा आक्षेप दुसऱ्या विशेषणावर आहे, कारण ते अभ्यासाच्या वेषात येते.

मंदिराचे मुख पश्चिमेला असले, तरी त्याचा जन्मदाखला उत्तरेच्या दारात आहे. त्या दाराच्या तुळईवर, आतल्या अंगाला, शिलाहार राजा मुम्मुणी ऊर्फ मामवाणी याच्या काळचा संस्कृत लेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातला शक ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा दुरुस्त केला आणि तोच मान्य झाला. मुम्मुणीचा भाऊ छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८चा आहे. भावाभावांत दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर कसे असेल?

एका आकड्याने मंदिराचे गोत बदलते. ८६० धरले, तर ते वेरूळच्या कैलास लेण्याच्या राष्ट्रकूट काळात जाते. १०६० धरले, की भूमिज शैलीतले त्याचे खरे सोयरे दिसू लागते : मध्य प्रदेशातील उदयपूरचे, परमार उदयादित्याचे उदयेश्वर मंदिर.

हेमाद्री तर यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. म्हणजे अंबरनाथ उभे राहिले, तेव्हा त्याच्या कारकिर्दीला दोनशे वर्षे अवकाश होता. ‘हेमाडपंती ही चुन्याविना दगड बसवण्याची रीत’, असा बचाव केला जातो. मग रीतच सांगावी. नंतरच्या मंत्र्याचे नाव कशाला? त्या नावाखाली कोकणच्या शिलाहारांचे श्रेय देवगिरीच्या खात्यावर जमा होते, आणि भिंतींवरील दाट मूर्तिकामाची स्वतंत्र परंपरा शोधण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

वास्तूची समीक्षा तिने स्वतःविषयी सांगितलेल्यापासून सुरू व्हावी. उत्तरद्वाराने आपला शक सांगून ठेवला आहे. यापुढे ‘शिलाहारकालीन, शके ९८२’ एवढेच लिहिले, तरी अर्धे काम होईल.