चाकाची पहिली फेरी कुठे गेली?

तुमच्या शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात कधी गेलात, तर व्हिडिओ गेमच्या खोक्यात हात घालून बघा. मारिओ मिळणार नाही, तो आधीच कुणीतरी उचललेला असतो. तळाशी सापडण्याची शक्यता जास्त ती ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ची. पोस्टडॉकसाठी अमेरिकेत आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मीही ती कार्ट्रिज चार डॉलरला घेतली आणि घरी येऊन सपाटून हरलो.

हा खेळ गेमटेकने १९८८ साली निन्टेन्डोसाठी बाजारात आणला. बनवला मात्र रेअर या कंपनीने, इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस या खेड्यात. पुढे ‘डाँकी काँग कंट्री’ आणि ‘गोल्डनआय’ करून नाव काढणारी हीच ती कंपनी. अमेरिकन दिवाणखान्यातला कार्यक्रम इंग्लंडच्या खेड्यात बसून लिहिला गेला, याची मला गंमत वाटते. चाक ‘बँकरप्ट’वर थांबतंय की पुढे सरकतंय, ही धाकधूक रेअरने अगदी नेमकी पकडली आहे. माणसं मात्र बाहुल्यांसारखी आहेत आणि एकेक अक्षर निवडताना जीव मेटाकुटीला येतो.

तरी मी हरलो ते या दोषांमुळे नाही. कोड्यांतले वाक्प्रचार मला ठाऊकच नव्हते. डॉक्टरेट असून उपयोग शून्य! प्रश्नांच्या खेळाचं खरं मोल इथेच आहे, असं मला वाटतं. एका विशिष्ट वर्षी, एका देशात, ‘हे तर सगळ्यांनाच माहीत असतं’ असं जे जे गृहीत धरलं गेलं, त्याची ती यादी असते. परक्याला ती लगेच दिसते.

पण रेअरचा हा खेळ म्हणजे चाकाची पहिली फेरी नव्हे. त्याआधी १९८३च्या सुमारास ‘ग्रेट गेम कंपनी’ने अटारी २६००साठी ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ जाहीर केला होता. त्याच सुमारास अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला आणि तो खेळ दुकानात पोहोचलाच नाही.

आता जरा हिशेब करा. अटारीच्या बहुतेक कार्ट्रिज ४ किलोबाइटच्या, थोड्या ८च्या. ४ किलोबाइट म्हणजे ४०९६ अक्षरं. एक कोडं वीस अक्षरांचं धरलं तर सगळी जागा कोड्यांनाच देऊनही दोनशेच्या आसपास कोडी बसतील, आणि मग चाक, पाटी, आवाज, गुण यांच्यासाठी काहीच उरत नाही. तेव्हा काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कुणाला तरी ठरवावं लागणार होतं. चाक महत्त्वाचं की शब्द? समीक्षकाला हवं असतं ते नेमकं हेच उत्तर. बाजारात आलेली आवृत्ती काय जमलं ते दाखवते. काय सोडून द्यावं लागलं ते कच्च्या आवृत्तीत दिसतं.

कच्च्या आवृत्त्या टिकत का नाहीत? बहुतेकदा त्या ईप्रॉम नावाच्या चिपवर असत. या चिपला वर काचेची खिडकी असते. त्यातून अतिनील प्रकाश सोडला की सगळं पुसलं जातं आणि चिप पुन्हा वापरता येते. म्हणून खिडकीवर कागद चिकटवलेला असतो. पुसली नाही तरी काही दशकांत तिच्यातला विद्युतभार झिरपून जाऊ शकतो. मूळ कार्यक्रमांचंही असंच झालं. ‘जेपर्डी!’ १९६४ साली एनबीसीवर सुरू झाला. आर्ट फ्लेमिंग यांच्या काळातले बहुतेक भाग आज नाहीत, कारण टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. शाळेच्या पाटीसारखंच. जे पुन्हा वापरता येतं ते जपलं जात नाही.

‘असले खेळ जपून करायचंय काय?’ असं तुम्ही म्हणाल. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. यातले बरेच खेळ घाईघाईत, नावावर पैसे मिळवायला काढलेले होते. पण २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने दाखवून दिलं, की अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी ते अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. बाजारात आलेल्यांची ही गत, तर न आलेल्यांचं काय! आणि काय टाकाऊ हे ठरवण्यासाठीही ते आधी हाताशी असावं लागतं.

हे मला एवढं का लागतं, तेही सांगतो. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि पुढच्याच स्नेहसंमेलनात आमच्या शाळेने त्याची नक्कल केली. एका माजी विद्यार्थ्याने व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिला, प्रश्न माझ्या बाबांनी काढले. ते तिथेच शिक्षक होते. उत्तर चुकलं की शाळेच्या शिपाईमामांचा आवाज यायचा, “चल, घरी जा!” आणि अख्खं पटांगण हसायचं.

गेल्या वर्षी बाबांनी फोनवर विचारलं, “तो खेळ तुझ्याकडे आहे का रे?” शोधल्यावर एका जुन्या सीडीवर फक्त प्रश्नांची फाइल मिळाली. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण ती युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात टाइप केलेली. दोन रात्री बसून ती सोडवली. एक प्रश्न होता, आपल्या गावातून तालुक्याला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते. तेव्हा हे सगळ्यांना माहीत असायचं. मला आता आठवेना.

प्रश्न बाबांना पाठवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, एसटीची वेळ न अडखळता सांगितली आणि मग म्हणाले, “आणि मामांचा आवाज?”

प्रोग्रॅम गेला, त्याबरोबर तोही गेला. मामा जाऊनही आता सहा वर्षं झाली.

पुढच्या सुट्टीत भारतात जाल, तेव्हा माळ्यावरच्या सीडी आणि फ्लॉप्या फेकण्याआधी एकदा उघडून बघा.