मध्यस्थाची भीती : आंतरजालावरील स्वामित्वहक्क आणि सेन्सॉरशिप यांच्या वादाची चिकित्सा

स्वामित्वहक्काचे संरक्षण आणि अभिव्यक्तीवरील नियंत्रण हे दोन प्रश्न आपल्याकडील चर्चेत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जातात. पहिला वाणिज्य व कायद्याच्या अभ्यासकांचा, दुसरा साहित्य व राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा, अशी जणू वाटणीच झालेली आहे. चोरटी प्रत रोखणे म्हणजे मालमत्तेचे रक्षण आणि मजकूर पुसणे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, हा भेद तत्त्वतः योग्यच आहे. आंतरजालावर मात्र ही दोन्ही कामे एकाच्याच हातून करून घेतली जातात. संकेतस्थळाला जागा भाड्याने देणारी कंपनी, जोडणी पुरवणारी कंपनी किंवा चित्रफिती साठवणारे व्यासपीठ, यांना कायद्याच्या परिभाषेत 'मध्यस्थ' म्हणतात. हा मध्यस्थ लेखक नसतो आणि न्यायाधीशही नसतो. त्याला नुकसान टाळायचे असते. त्याच्या या भीतीचा विचार केल्याशिवाय या वादाची चिकित्सा पुरी होत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याशी नाते असलेल्या दोन प्रकरणांचा आधार घेतला आहे.

पहिले प्रकरण चोरीचे आहे. नागराज मंजुळे हे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. परंतु संज्ञापनशास्त्राचे त्यांचे शिक्षण नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात झाले. तेथेच त्यांनी केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरव मिळाला. त्यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत आंतरजालावर व मोबाइलच्या मेमरी कार्डांवर फिरू लागली. तरीही हा चित्रपट मराठीतील सर्वाधिक उत्पन्नाचा ठरला, म्हणून चोरीने काही बिघडत नाही असे म्हणणारे आढळतात. हा युक्तिवाद लंगडा आहे. दांडग्या यशामुळे जे नुकसान दिसत नाही, तेच छोट्या निर्मात्याच्या पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यात ठळकपणे दिसते. पहिल्या आठवड्यात पडद्यावरून उतरलेल्या मराठी चित्रपटाला दुसरी संधी क्वचितच मिळते. तेव्हा स्वामित्वहक्काची मागणी ही केवळ भांडवलदारांची मागणी आहे, ही भूमिका निदान मराठीपुरती तरी टिकणारी नाही.

दुसरे प्रकरण पुसण्याचे आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांचे लोकपालासाठीचे उपोषण २७ डिसेंबर २०११ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर सुरू झाले. त्या आंदोलनात कानपूरचे व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांची भ्रष्टाचारविरोधी चित्रे मांडण्यात आली. संसद शौचकूपाच्या रूपात, राजमुद्रेतील सिंहांच्या जागी लांडगे, 'सत्यमेव'च्या ठिकाणी 'भ्रष्टमेव', असा त्या चित्रांचा रोख होता. तक्रार मिळताच मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी करणाऱ्या बिगरॉक या कंपनीला कळवले आणि 'कार्टून्स अगेन्स्ट करप्शन' हे संकेतस्थळ बंद झाले. त्यासाठी न्यायालयाचा आदेश नव्हता, चित्रकाराला नोटीस नव्हती. राजद्रोहाच्या गुन्ह्यात त्रिवेदी यांना अटक झाली ती पुढे, सप्टेंबर २०१२ मध्ये. त्या अटकेवर देशभर रान उठले. संकेतस्थळ पुसले गेले तेव्हा मात्र तुलनेने शांतता होती. वास्तविक अटकेला किमान दंडाधिकारी असतो, जामीन असतो, वकील असतो. पुसण्याला यांपैकी काहीच नव्हते.

योगायोग असा की, या घटनेनंतर बावीस दिवसांनी, १८ जानेवारी २०१२ रोजी, इंग्रजी विकिपीडियाने चोवीस तास आपली दारे बंद ठेवली. अमेरिकी काँग्रेसपुढील 'सोपा' आणि 'पिपा' या विधेयकांचा तो निषेध होता. चोरट्या संकेतस्थळांना रोखण्यासाठी मध्यस्थांवर जबाबदारी टाकली, तर ते भीतीपोटी वैध मजकूरही बंद करतील, हा त्या निषेधाचा गाभा. दोनच दिवसांत ती विधेयके बाजूला ठेवावी लागली. भारतात अशा नव्या विधेयकाची गरजच नव्हती. जे अमेरिकेत होऊ पाहत होते, ते येथे एका पत्राने झाले होते.

मध्यस्थाला धाकात ठेवून लेखकाला गप्प करण्याची रीत आंतरजालाने शोधून काढलेली नाही. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने छापखान्याच्या चालकाकडून ५०० ते २००० रुपयांपर्यंत जामीन मागण्याची तरतूद केली होती. मजकूर आक्षेपार्ह ठरला तर जामीन जप्त, पुन्हा चूक झाली तर छापखानाही जप्त. लेखक तुरुंगात जायला तयार असला, तरी छापणारा तयार असेलच असे नाही, हे सरकारने अचूक ओळखले होते. शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' त्याच वर्षी बंद पडले. आणि त्याच १९१० साली नगर जिल्ह्यात मुकुंदराव पाटील यांनी सत्यशोधकी 'दीनमित्र' सुरू केले. नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून हे पत्र १९६७ पर्यंत, त्यांच्या हयातभर, चालले. त्याच्या दीर्घायुष्याची कारणे अनेक आहेत. परंतु लेखक, संपादक आणि छापणारा यांच्यात परक्या मध्यस्थाला फारसा वाव नव्हता, हे त्यांतील दुर्लक्षित कारण म्हणावे लागेल. १८४२ साली नगरहून निघालेल्या 'ज्ञानोदय'च्या बाबतीतही मिशनचे पाठबळ हेच त्या पत्राचे कवच होते. आजच्या लेखकापाशी असे कवच नाही. त्याचे अक्षर कोणाच्या तरी भाड्याच्या जागेत राहते, आणि घरमालकाला भाडेकरूच्या मतांशी कर्तव्य नसते.

त्रिवेदी प्रकरणाचा न्यायालयीन शेवट साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. १७ मार्च २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने (मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा व न्या. नितीन जामदार) संस्कार मराठे यांच्या याचिकेवर निकाल दिला. या चित्रांत भ्रष्टाचाराविषयीचा संताप व किळस आहे, पण विनोद, मार्मिकता वा उपहास नाही, असे मत न्यायालयाने नोंदवले. आणि तेवढ्यावरून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आक्रमण करता येणार नाही, असेही स्पष्ट केले. या निकालातील रसग्रहण आणि न्याय हे दोन्ही वेगळे काढून पाहिले पाहिजेत. रसग्रहण वादग्रस्त आहे. राजमुद्रेतील सिंहांचे लांडगे करणे यात उपहास नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. चित्रे ढोबळ आहेत, रेषा कच्ची आहे, प्रतीके सरधोपट आहेत, हा आक्षेप अधिक नेमका झाला असता. परंतु न्याय निर्दोष आहे, कारण कलाकृती सामान्य असली तरी तिला संरक्षण आहे, असे त्यात मान्य केले आहे. केवळ उत्तम कलेचे रक्षण करणाऱ्या कायद्यात उत्तम कोणती हे ठरवणाराच अखेर सेन्सॉर होतो.

त्यानंतर आठवड्याभरात, २४ मार्च २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. या याचिकेमागेही महाराष्ट्रातीलच घटना होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि त्या लिखाणाला पसंती देणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना नोव्हेंबर २०१२ मध्ये अटक झाली होती. निकालाचा गाजलेला भाग ६६अ चा. मध्यस्थांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग कलम ७९ चा आहे. केवळ कोणी तक्रार केली म्हणून मजकूर काढण्याचे बंधन मध्यस्थावर नाही, न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना असली पाहिजे, असा अर्थ न्यायालयाने लावला. २०११ साली हा अर्थ उपलब्ध असता, तर बिगरॉकला पोलिसांच्या पत्राकडे निदान बोट दाखवून प्रश्न विचारता आला असता.

मात्र पुढील वर्षीच दिल्ली उच्च न्यायालयाने मायस्पेस प्रकरणात (डिसेंबर २०१६) स्वामित्वहक्काची वाट वेगळी ठेवली. हक्कधारकाने विशिष्ट मजकूर दाखवून दिलेली सूचना पुरेशी आहे, तेथे न्यायालयाच्या आदेशाची पूर्वअट नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतरचे स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२(१)(क) आणि २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ यांची घडणही अशीच आहे. लेखी तक्रार आली की मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर थांबवायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करण्याची मुभा. मुभा, बंधन नव्हे. ज्याचा मजकूर थांबतो त्याला आधी ऐकून घेण्याची सोय येथे नाही. त्याच कायद्याने समीक्षा, परीक्षण आणि वृत्तांकन यांसाठी अवतरणे घेण्यास मोकळीक दिली आहे. पण ती मोकळीक न्यायालयात सिद्ध करायची असते, आणि मध्यस्थ तेथपर्यंत थांबत नाही. एखाद्या चित्रपटावर कठोर टीका करणारी चित्रफीत 'बदनामी' म्हणून काढायची तर आदेश लागेल. तीच चित्रफीत 'आमची दृश्ये वापरली' म्हणून काढायची तर तक्रार पुरे. सेन्सॉरच्या कात्रीला कुलूप लागले आणि कुंपणाचे फाटक उघडे राहिले, अशी ही अवस्था आहे.

या फाटकातून किती काय जाते, हे ऑगस्ट २०१७ मध्ये दिसले. 'जब हॅरी मेट सेजल' आणि 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' या दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांना मद्रास उच्च न्यायालयाकडून चोरीविरोधी मनाई आदेश मिळाले. सुमारे २,६५० संकेतस्थळांच्या यादीत इंटरनेट आर्काइव्हही होते आणि भारतात ते बंद झाले. मराठीच्या अध्यापकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने छायांकित केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या असंख्य प्रती आर्काइव्हवर आहेत. स्वामित्वहक्काच्या तक्रारींमुळे ती शासकीय लायब्ररी स्वतः बंद पडल्यावर तर तोच मुख्य आधार उरला. ज्यांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे अशी ही पुस्तके एका रात्रीत अदृश्य झाली, आणि तीही त्यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्या दोन चित्रपटांसाठी. यातील विपर्यास असा की, 'लिपस्टिक'ला त्याच वर्षी सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारले होते आणि अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागून तो चित्रपट सुटला होता. स्वतःच्या अभिव्यक्तीसाठी झगडलेल्या निर्मात्याच्या दाव्याने एक ग्रंथालय बंद व्हावे, यात त्याचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. यादी कोणी तपासली नाही, एवढेच झाले.

यादी तपासता येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी दाखवले होते. 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात (२०१६) न्या. गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला. प्रत्येक दुवा पडताळून, शपथेवर सादर करा, असे निर्मात्यांना बजावले. बंद केलेल्या पानावर झळकणाऱ्या इशाऱ्यातही त्यांनी दुरुस्ती करायला लावली, कारण चोरटी प्रत नुसती पाहणे हा कायद्याने गुन्हा नाही. हेच न्यायमूर्ती पुढे ३१ जानेवारी २०२४ रोजी केंद्र सरकारच्या तथ्य-तपासणी कक्षाच्या नियमाविरुद्ध उभे राहिले. खंडपीठात मतभेद झाल्यावर न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी त्या मताला दुजोरा दिला आणि नियम रद्द ठरला. एका प्रकरणात चोर अज्ञात, दुसऱ्यात शासन ज्ञात. दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न मात्र एकच होता : काय, कोणत्या पुराव्यावर, किती काळासाठी काढायचे हे कोण ठरवणार? दरम्यान चित्रपटांपुरती न्यायालयाची पायरीही २०२३ पासून गाळता येऊ लागली आहे. त्या वर्षीच्या चलच्चित्र कायद्यातील दुरुस्तीनंतर नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, की मध्यस्थाने ४८ तासांत दुवा काढायचा असतो. मराठी निर्मात्याला खटल्याचा खर्च परवडत नाही, हे लक्षात घेता या सोयीचे स्वागत करावे लागते. चुकीने काढलेल्या मजकुराच्या मालकालाही तितक्याच वेगाने दाद मिळेल, अशी रचना मात्र तिच्यासोबत आली नाही.

अध्यापकवर्ग या वादात केवळ प्रेक्षक नाही. सायहबवर एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात डिसेंबर २०२० मध्ये दावा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश झाला. ग्रंथालयांपुढे तर रोजचाच प्रश्न आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(ढ) मध्ये, ग्रंथालयापाशी मूळ छापील प्रत असल्यास, जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा नफा न मिळवणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. १८३८ पासूनची परंपरा सांगणारे अहमदनगर जिल्हा वाचनालय या व्याख्येत सहज बसेल. महाविद्यालयाचे ग्रंथालय 'सार्वजनिक' की नाही, हे कायद्याने सांगितलेले नाही. पिवळ्या पडलेल्या पानांचे छायांकन करणाऱ्या ग्रंथपालाने तेवढ्यासाठी हात आखडता घेतला, तर त्याच्याविरुद्ध कोणताही आदेश निघालेला नसेल, आणि तरीही पुस्तक वाचकाला मिळणार नाही.