तिकीट काढलेला कच्चा लिंबू

विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही मालिकेवर बोलणार की जत्रेवर?" मी म्हटलं, जत्रेवर. पण मालिकेशिवाय ही जत्रा कळायची नाही, त्यामुळे थोडं दोन्हींवर बोलते. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांची आधीच माफी मागते, कारण आज शेवट फुटणार आहे. (हशा)

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन मॉलमध्ये 'स्क्विड गेम : द एक्स्पीरिअन्स' सुरू झालं. तिकीट काढायचं, मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा आणि मालिकेतल्यासारखे खेळ स्वतः खेळायचे. गुलाबी कपड्यांतले, तोंडावर मुखवटे असलेले रक्षक तुम्हाला या खोलीतून त्या खोलीत न्यायचे. प्रत्येक खेळाचे गुण मोजले जायचे आणि शेवटी एक विजेता जाहीर व्हायचा. मग खाणंपिणं, खरेदी. उघडल्यावर थोड्याच दिवसांत मी तिथं जाऊन आले.

आधी चांगलं काय ते सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. मालिकेतली ती मोठी बाहुली तिथं होती. तिचा खेळ आपल्याला नवा नाही, तो आपला 'स्टॅच्यू'च आहे. कोरियात ज्याच्यावर राज्य असतं तो पाठ करून 'मुगुंग्ह्वाचं फूल उमललं' असं म्हणतो. मुगुंग्ह्वा म्हणजे जास्वंदीच्या कुळातलं त्यांचं राष्ट्रीय फूल. म्हणून झालं की तो गर्रकन वळतो, आणि हललेला दिसला तो बाद. तर ती बाहुली मान वळवते तेव्हा आपण गोठतो. हे नाटक आहे हे डोक्याला माहीत असतं, पण पायांना माहीत नसतं. अनोळखी माणसांची अख्खी खोली श्वास रोखून उभी राहते आणि बाहुलीनं मान फिरवली की सगळे एकदम हसतात. ते हसू खरं असतं. एवढ्या मोठ्यांना एकाच वेळी लहान करणं सोपं काम नाही. रंगभूमीवाल्यांनीसुद्धा ते बघण्यासारखं होतं.

आता आक्षेप. या जागेवरचा नेहमीचा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. मालिका भांडवलशाहीवर टीका करते आणि तिचीच जत्रा करून पैसे कमावले जातात, म्हणजे केवढा विरोधाभास! हा आक्षेप खोटा नाही, पण आळशी आहे. मालिकाच मुळात तिकिटावरची करमणूक आहे. मासिक वर्गणी भरून, सोफ्यावर बसून आपण ती पाहिली. तेव्हा पाप नव्हतं आणि आता मॉलमध्ये झालं, असं म्हणता येत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. या जागेनं मालिकेतून काय उचललं आणि काय सोडलं, ते नीट बघू या.

ह्वांग दोंग-ह्योक यांनी ही गोष्ट २००९च्या सुमारास चित्रपट म्हणून लिहिली होती. ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. मध्ये पैसे संपले आणि लॅपटॉप विकावा लागला, असं त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. मालिका आली सप्टेंबर २०२१ मध्ये, नऊ भागांची. ४५६ कर्जबुडवी, हताश माणसं, प्रत्येकाच्या जिवाची किंमत १० कोटी वॉन, म्हणून बक्षीस ४५.६ अब्ज. नायक गी-हुन गाड्यांच्या कारखान्यातून काढून टाकलेला कामगार आहे. अली पाकिस्तानातून आलेला मजूर, त्याची मजुरी मालकानं महिनोन्‌महिने अडवलेली. ती भूमिका आपल्या दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीनं केलीय.

आता त्यातला दुसरा भाग आठवा. पहिल्या खेळात २५५ माणसं मरतात. उरलेले २०१ जण मतदान करतात आणि १०१ विरुद्ध १०० अशा मतांनी खेळ बंद होतो. सगळे घरी जातात. आणि मग त्यांतले १८७ जण आपण होऊन परत येतात. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात भयंकर गोष्ट बंदूक नाही, हे परत येणं आहे. बाहेरचं जगणं त्या मैदानापेक्षा वाईट आहे, हे त्यांनी तपासून पाहिलेलं असतं. मॉलमधल्या खेळाडूंना हा भाग देताच येणार नाही. त्यांच्यासाठी दाराबाहेर सावकार उभा नाही, तेहतिसावा रस्ता आहे.

ठीक आहे, कर्ज आणता येत नाही, मरण तर नाहीच नाही. पण एक गोष्ट आणता आली असती. ती म्हणजे बाद होणं. त्याला रक्त लागत नाही. आपल्या गल्लीतल्या लंगडीतसुद्धा आउट म्हणजे आउट, जा, कडेला बस. इथं तसं नाही. तुम्ही हललात, तुमचे गुण गेले, पण पुढच्या खोलीत तुम्ही आहातच. आणि व्यवहार म्हणून ते बरोबरही आहे. पैसे भरलेल्या माणसाला दहाव्या मिनिटाला घरी पाठवलं तर तो परत कशाला येईल? २०२३ मध्ये याच मालिकेवरून 'द चॅलेंज' नावाची खरी स्पर्धा झाली, ४५६ स्पर्धक, ४५.६ लाख डॉलर बक्षीस. तिच्यावर पुष्कळ टीका झाली. पण तिथं निदान हरलेला माणूस घरी जात होता.

खेळायचं सगळं, पण आउट व्हायचं नाही. अशा खेळाडूला आपल्याकडे एक नाव आहे. बरोबर, कच्चा लिंबू! (हशा) कोणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागलेला असतो, मोठ्यांना दया येते. 'याला घ्या रे, पण हा कच्चा लिंबू.' तो पळतो, ओरडतो, पकडलाही जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. या नव्या जागेत प्रत्येक तिकीटवाला कच्चा लिंबू आहे. फरक एवढाच की गल्लीत ती सवलत मायेनं मिळते आणि इथं पैशानं. आणखी एक फरक आहे. गल्लीतल्या त्या पोराला स्वतःवर राज्य यावं असं मनापासून वाटत असतं. ज्या दिवशी ते येतं त्या दिवशी तो रडत घरी जातो, पण मोठा होऊन जातो.

आता मालिकेकडे परत या. तिच्यात एक कच्चा लिंबू आहे. कोण? १ नंबरचा खेळाडू, तो म्हातारा, ओ इल-नाम. बाहुलीच्या मैदानात बाकीचे भीतीनं अर्धमेले झालेले असताना तो मात्र हसत पळतो. मतदानात शेवटचं, निर्णायक मत त्याचं. आणि तो खेळ बंद करण्याच्या बाजूनं मत देतो, कारण त्याचं काहीच अडकलेलं नाही. गोट्यांच्या खेळात तो हरतो, आपल्याला गोळीचा आवाज ऐकू येतो, पण मरताना तो दिसत नाही. नवव्या भागात कळतं की हा सगळा उद्योग त्याचाच. अमाप पैसा, आयुष्याचा कंटाळा, आणि नुसतं बघण्यापेक्षा खेळण्यात जास्त मजा आहे म्हणून तो आत उतरलेला.

टीकाकार म्हणतात, आपण प्रेक्षक म्हणजे सोनेरी मुखवट्यातले ते श्रीमंत पाहुणे. सोफ्यावर बसलो होतो तोवर ते पटण्यासारखं होतं. पण तिकीट काढून आत गेल्यावर आपण पाहुणे राहत नाही. आणि खेळाच्या दुकानातून हिरवा ट्रॅकसूट घेतला म्हणून गी-हुनही होत नाही. आपण इल-नाम होतो. दुसऱ्याच्या नाइलाजाचा अनुभव हवा, पण नाइलाज नको. त्या जागेची जाहिरात तुम्हाला ४५६ नंबरचा खेळाडू होण्याचं आमंत्रण देते आणि प्रत्यक्षात नंबर देते १.

कोणी म्हणेल, बाई, लोक मजा करायला जातात, एवढा विचार कशाला? मी पण मजाच केली. खोटं कशाला सांगू? पण मजा म्हणून आपण काय विकत घेतो, ते पाहिलं पाहिजे. भुताच्या घरात आपण भीती विकत घेतो. भुताचं काही बिघडत नाही. इथली गोष्ट माणसांच्या कर्जाची आहे. ती माणसं वगळून फक्त त्यांची धडधड आपल्याला हवी आहे, आणि अशा मागणीला पुरवठा होणारच.

इल-नामचा शेवट कसा होतो बघा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री तो खिडकीपाशी मरणपंथाला लागलेला असतो. खाली रस्त्यावर बर्फात एक बेवारस माणूस पडलाय. मध्यरात्रीपर्यंत त्याच्या मदतीला कोणी येईल का, यावर तो गी-हुनशी पैज लावतो. आणि कोणीतरी येतं, पोलिसांना घेऊन येतं. पहिल्या सीझनमधला शेवटचा खेळ हा आहे. त्यात मैदान नाही, गुण नाहीत, आणि जो येतो त्याला आपण खेळतोय हे माहीतसुद्धा नाही.

दुसरा सीझन २६ डिसेंबर २०२४ला आला. तुमची मुलं-नातवंडं अशा एखाद्या ठिकाणी घेऊन गेली, तर जरूर जा. बाहुलीपुढे उभ्या राहा, हसा. फक्त जायच्या आधी नववा भाग पुन्हा एकदा बघा, आणि त्यातला म्हातारा नीट बघा.